गंगेवरच्या पाच पहाटा

शनिवार, रात्र

स्टँडवर उतरल्यावर रिक्षावाल्याला गोदाघाट म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "गंगेवर ना? बसा ताई." जुन्या नाशकात गोदावरीला अजून गंगाच म्हणतात. कुणी गेलं तरी गंगेवर जायचं, बाजार भरतो तोही गंगेवर, आणि पूर आला तर "गंगेला पाणी आलं" एवढंच.

२०१५ च्या सिंहस्थात मी इथं आले होते. तेव्हा घाटाची एक पायरीही दिसली नाही, दिसली ती फक्त माणसं. त्या वेळेपासून मनात होतं की हा घाट हिवाळ्यात, पहाटे, रिकामा बघायचा. शक्यतो सलग चार-पाच दिवस, एकाच ठिकाणी उभं राहून. पुण्याहून अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या आतबाहेर, तरी दहा वर्षं गेली.

जानेवारीचा पहिला आठवडा ठरवून घेतला. सर्वांत लहान दिवस डिसेंबरच्या २१-२२ तारखेला असतो, पण सर्वांत उशिराचा सूर्योदय त्या दिवशी नसतो. त्यानंतरही सूर्य रोज थोडा थोडा उशिरा उगवत जातो, आणि नाशकात हा प्रकार जानेवारीच्या मध्यापर्यंत चालतो. या आठवड्यात सूर्योदय सात वाजून दहा मिनिटांच्या आसपास. म्हणजे साडेपाचला उठलं तरी अंधारात घाटावर पोचता येतं आणि उजाडायच्या आधीचा सगळा वेळ हाताशी राहतो.

लॉज रविवार कारंजाजवळ. खोलीत गेल्या गेल्या ट्रायपॉडचे पाय उघडून, पुसून ठेवले. दोन बॅटऱ्या चार्जिंगला लावल्या, तिसरी उशीखाली. थंडीत बॅटरी लवकर बसते, अंगाच्या उबेत ठेवलेली टिकते.

रविवार

सहाला पाच कमी असताना रामकुंडावर होते. मोबाईल दहा अंश दाखवत होता, पाण्याजवळ त्याहून गार वाटत होतं. मफलर, कानटोपी, आणि बोटं उघडी राहणारे हातमोजे, कारण शटरचं बटण जाड मोज्यातून कळत नाही.

अंधारात घाट आधी ऐकू येतो. कुठंतरी बादली दगडावर ठेवल्याचा आवाज, कुणाच्या तरी तोंडून थंडीनं अडखळत निघालेलं "हर हर गंगे", आणि मग डुबकी. दिव्याखाली एक म्हातारे गृहस्थ धोतर पिळत होते. त्यांच्या टाचा मी जवळून पाहिल्या. भेगांमध्ये पाणी साचलेलं, आणि त्या पाण्यात विजेच्या दिव्याचा पिवळा ठिपका. फोटो घेतला नाही. ओळख नाही, पाळख नाही, माणूस आंघोळ करून उघड्या अंगानं उभा, तिथं कॅमेरा रोखायचा नाही हे घरून निघतानाच ठरलं होतं.

रामकुंड १६९६ मधलं. पुढे पेशव्यांच्या घरातल्या गोपिकाबाईंनी त्याची डागडुजी केली. उत्तरायुष्य त्यांनी इथं जवळच गंगापूरला काढलं. आज त्याच गंगापूरच्या धरणातून सुटेल तेवढंच पाणी एरवी घाटाला मिळतं. हिवाळ्यात प्रवाह मंद असतो, आणि फोटोसाठी हे बरं. पाणी जवळजवळ उभं राहतं आणि देवळांची प्रतिबिंबं तुटत नाहीत.

पावणेसातच्या सुमारास आकाश निळं झालं. सूर्य क्षितिजाच्या सहा अंश खाली आला की हा उजेड सुरू होतो, आणि नाशकाच्या अक्षांशावर सूर्य उगवेपर्यंत जेमतेम चोवीस मिनिटं मिळतात. त्यातही दिव्यांचा पिवळा आणि आकाशाचा निळा यांचं वजन सारखं असण्याची वेळ आठ-दहा मिनिटांचीच. तेवढ्यात जे होईल ते.

नेमकं तेव्हाच पाण्यावरून वाफ निघायला लागली. हे धुकं नव्हे. रात्रभरात हवा गार होते, पाणी तितक्या लवकर होत नाही. पाण्याची ऊब वर येते, गार हवेला टेकते आणि पांढरी होते. गुडघ्याएवढ्या उंचीचा थर, मधूनच उसवणारा. वर शेकोट्यांचा धूर. तोही सरळ वर जात नव्हता, एका उंचीवर पोचून आडवा पसरत होता, कारण पहाटे गार हवा खाली बसलेली असते आणि तिच्यावर उबदार हवेचं झाकण असतं. खाली वाफ, मध्ये देवळं, वर धुराची आडवी रेघ. असं चित्र मला कुणी काढून दिलं असतं तरी पटलं नसतं.

पन्नास-साठ फ्रेम घेतल्या. खोलीवर येऊन मोठ्या स्क्रीनवर उघडल्या आणि मन खट्टू झालं. सगळं करडं. दोन चुका होत्या. कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर समोरच्या पांढऱ्या वाफेला करडं मानून एक्स्पोजर, म्हणजे आत येणारा उजेड, कमी करत राहिला, आणि व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगाचा हिशेब, ऑटोवर असल्यानं पहाटेचा निळा रंग कॅमेऱ्यानं 'दुरुस्त' करून टाकला. दुसरी चूक रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या नोंदीत, सुधारते, पहिलीही थोडीफार. पण सावलीतला भाग उचलला की दाणे येतात, आणि वाफेत दाणे आले की ती वाफ राहत नाही, धूळ होते.

शिवाय सूर्य कुठं दिसला? मी त्याच्यासाठी आग्नेयेकडे तोंड करून थांबले होते. या दिवसांत तो बरोबर पूर्वेला उगवत नाही, चोवीस अंश दक्षिणेकडे सरकून उगवतो. तिकडे पंचवटीच्या इमारती. साडेसात वाजून गेल्यावर एका पाण्याच्या टाकीमागून वर आला, तेव्हा तो पांढरा आणि नुसता डोळ्यांवर येणारा होता.

सोमवार

व्हाइट बॅलन्स ऊन्हाच्या खुणेवर पक्का केला, एक्स्पोजर एक स्टॉप वर, म्हणजे दुप्पट. जागा कालचीच.

सोमवार म्हणून कपालेश्वराच्या पायऱ्यांवर पहाटेपासून रांग होती. रामकुंडावर उतरायचं, आणि ओलेत्यानं समोरच्या उंच पायऱ्या चढून महादेवाला जायचं, असा तो क्रम. या महादेवासमोर नंदी नाही. ब्रह्महत्येच्या पातकातून सुटायची वाट शंकराला नंदीनं दाखवली, म्हणून शंकरानं त्याला गुरू मानलं आणि समोर बसू दिलं नाही, अशी कथा सांगतात. तो रिकामा चौथरा मला फार आवडतो. पण देवळात गर्दी होती, मी खालीच राहिले.

पायऱ्यांच्या कडेला द्रोणात फुलं आणि तेलवात लावून विकणाऱ्या एक मावशी बसतात. काल त्यांनी मला पाहिलं होतं. आज म्हणाल्या, "काय गं, सूर्व्यालाच धरून बसलीस? मागं बघ की."

मागे पाहिलं.

नदीच्या पश्चिम काठावर, जुन्या नाशकाच्या बाजूला, सुंदरनारायणाचं देऊळ आहे. होळकर पुलाच्या टोकाशी, चढावर. ऊन त्याच्या कळसावर येऊन थांबलं होतं. फक्त कळसावर. बाकी सगळं देऊळ, खालच्या पायऱ्या, घाट, पाणी, सगळं अजून निळ्या सावलीत. घड्याळात सात वाजून एकोणीस.

मी रोजच्यासारखी ऊन वर चढेल म्हणून वाट बघत होते. पण पूर्वेकडे तोंड असलेल्या काठावर ऊन वरून खाली उतरतं. सूर्य जसा पंचवटीच्या इमारतींमागून वर येतो, तशी त्या इमारतींची सावली पश्चिम काठावरून खाली सरकते. कळस, मग शिखर, मग मंडप, मग एकेक पायरी. शेवटी पाणी. ट्रायपॉड अख्खा फिरवायला मला दीड मिनिट लागलं असेल, तोवर ऊन शिखराच्या अर्ध्यावर. पाच फ्रेम मिळाल्या, त्यातली एक बरी.

हे देऊळ १७५६ मधलं, गंगाधर यशवंत चंद्रचूडांनी बांधलेलं. त्याची बांधणीच अशी आहे की मार्चच्या २१ तारखेच्या सुमारास, दिवस-रात्र सारखे होतात तेव्हा, उगवत्या सूर्याचे किरण थेट गाभाऱ्यातल्या मूर्तींपर्यंत पोचतात. तेव्हा सूर्य बरोबर पूर्वेला असतो, आणि आता जानेवारीत तो चोवीस अंश बाजूला, म्हणून गाभारा अंधारातच. पण बांधणाऱ्यांनी सकाळचं ऊन कुठून येणार आणि कुठं पडणार याचा नीट विचार केला होता, आणि मी फोटो काढायला येऊन पहिल्या दिवशी त्याकडे पाठ करून उभी राहिले होते.

मावशींकडून एक द्रोण घेतला. "आता उद्या ये, रोज येतंच ते," त्या म्हणाल्या.

निघताना कुंडाच्या कडेला एक कुटुंब आलं. पुढे तरुण मुलगा, हातात लाल कापडात बांधलेला छोटा गाठोडा, मागे दोन बायका आणि गुरुजी. अस्थी घेऊन लोक इथं दूरदूरहून येतात, इथल्या पाण्यात अस्थी विरतात अशी श्रद्धा आहे. उजेड त्या वेळी अप्रतिम होता, त्या लाल कापडावर तिरपा पडलेला. लेन्सवर झाकण घातलं आणि बाजूला झाले. घाटावर हातात कॅमेरा असलेला माणूस मी एकटीच नव्हते. एक जण मोबाईल घेऊन त्यांच्या समोर जाऊन उभा राहिला. मी त्याला हळूच म्हटलं, "दादा, राहू द्या." तो थांबला, त्याचं मला बरं वाटलं.

मंगळवार

ढग. पहाटेचा रंगच आला नाही, वाफही नाही. ढगाळ रात्री हवा तितकी गार होत नाही, म्हणून पाण्याला वाफ सुटत नाही.

उजाडल्यावर नारोशंकराच्या देवळात गेले. असल्या सपाट उजेडात काळ्या दगडावरचं कोरीव काम चांगलं येतं, कारण सावल्या टोचत नाहीत. १७४७ मधलं देऊळ, नारोशंकर राजेबहाद्दरांनी बांधलेलं. दर्शनी बाजूला ती घंटा. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, त्या विजयाची खूण म्हणून आलेली पोर्तुगिजांची घंटा. खाली उभं राहून वर तोंड करून तिचा फोटो घेतला. काठ जाड आहे. टोल वाजला तर घाटाच्या त्या टोकाला ऐकू जाईल असं वाटतं.

दुपारी तपोवनात कपिला संगमापर्यंत जाऊन आले. त्याबद्दल लिहिण्यासारखं नाही.

बुधवार

बुधवारी गंगेवर आठवड्याचा बाजार भरतो. मला वाटलं होतं की आजचा दिवस फुकट जाणार, ट्रायपॉड ठेवायलाही जागा मिळणार नाही. जागा मिळाली नाही हे खरंच. पण आतापर्यंतच्या दिवसांत सर्वांत चांगले फोटो आजचे.

साडेपाचलाच टेम्पो आणि हातगाड्या. अंधारात ज्याची त्याची जागा ज्याला त्याला पाठ. गोणपाट पसरायचं, त्यावर ताडपत्री, कडेला दगड ठेवायचे. मग मेथी, कोथिंबीर, कांद्याची पात, मुळे. एक बाई मेथीच्या जुड्या रचत होत्या. प्रत्येक जुडी उचलायच्या, बुडख्याकडून एकदा झटकायच्या, म्हणजे दव उडून जाई, आणि मग मुळं आत, पानं बाहेर अशी गोल लावायच्या. डोक्यावर बॅटरीवरचा एक दिवा काठीला टांगलेला. प्रत्येक झटक्यासरशी त्या दिव्यात पाण्याचे कण उडत, एखाद्या सेकंदाचा भाग चमकत आणि विझत.

विचारलं, "मावशी, एक फोटो काढू का?"

"माझा कशाला, भाजीचा काढ."

"भाजीचाच काढते, हात येतील तुमचे."

"येऊ दे मग."

ट्रायपॉड काखेत, कॅमेरा हातात. उजेड फार कमी. कॅमेऱ्याची संवेदनशीलता, आयएसओ, ३२०० पर्यंत नेली, ५० च्या लेन्सचं अ‍ॅपर्चर दोनवर उघडलं आणि शटर १/१२५ वर. जुडी झटकली की दाबायचं. पंधरा वेळा चुकलं, सोळाव्या वेळी कण अधांतरी आले. तोवर मागचं आकाश तेच निळं झालेलं, दिवा पिवळा, हिरवी पानं मधोमध. दाणे भरपूर आहेत त्या फोटोत, पण अंधारात उडणाऱ्या दवावर ते शोभतात.

त्यांना कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर दाखवला. त्यांनी पदरानं हात पुसले, वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "नखं काळी दिसतात." मग थोडं थांबून, "मातीचीच आहेत म्हणा." दोन जुड्या घेतल्या. लॉजवर मेथी शिजवायला जागा नव्हती, त्या दिवेवाल्या मावशींना देऊन टाकल्या.

दुतोंड्या मारुती बाजाराच्या गर्दीत उभा होता. घाटावर येणाऱ्या प्रत्येकाला हा मारुती माहीत असतो, कारण पुराचं माप तोच. पाणी त्याच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, गळ्याशी आलं, असं शहरभर सांगितलं जातं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तो पुरता बुडाला होता. आज त्याच्या पायाशी लसणाचे ढीग. त्याची उंची डोळ्यांनी मोजून मी पुन्हा त्या मेथीवाल्या बाईंच्या जागेकडे पाहिलं. पावसाळ्यात ज्या जागेवरून एवढं पाणी वाहतं, तिथं आज काठीला टांगलेला दिवा होता.

सातनंतर सुंदरनारायणाकडे धावत गेले. उशीर झाला. ऊन मंडपाच्या खाली उतरलेलं होतं.

आणि एक झालं. काल रात्री खोलीत हीटर लावला होता. पहाटे उबदार खोलीतून बाहेर पडले तेव्हा काही झालं नाही, पण चहासाठी टपरीच्या वाफाळत्या कोपऱ्यात कॅमेरा घेऊन शिरले आणि गार काचेवर दव धरलं. गार वस्तू दमट उबेत आणली की असं होतंच. पुसलं तर ओरखडे, म्हणून वीस मिनिटं वाट बघावी लागली. टपरीवाल्या काकांनी दुसरा चहा स्वतःहून दिला, पैसे घेतले नाहीत.

गुरुवार

शेवटचा दिवस, बस अकराची. सहालाच होळकर पुलावर. सगळा घाट इथून खाली दिसतो, आणि ऊन उतरण्याचा पूर्ण रस्ता एका फ्रेममध्ये येतो. ट्रायपॉड पुलाच्या कठड्याला टेकवून लावला. मोठं वाहन गेलं की पूल किंचित थरथरतो, म्हणून मोठं एक्स्पोजर दोन वाहनांच्या मधल्या शांततेतच.

थंडी आज सर्वांत जास्त. चहावाले काका सांगत होते की निफाडला पारा पाचच्या खाली गेलाय. वाफ मात्र पहिल्या दिवसापेक्षा दाट, खालच्या दोन-तीन पायऱ्या पूर्ण झाकलेल्या. रामकुंडाजवळचं गंगा-गोदावरीचं देऊळ तिच्यातून वर आलेलं. हे देऊळ बारा वर्षांनी सिंहस्थातच उघडतं, एरवी दार बंद. बंद दारापुढे कुणीतरी पणती ठेवून गेलं होतं. पुलावरून तो ठिपका दिसला, लांब लेन्स लावून पाहिला, तेव्हा पणती आहे हे कळलं.

निळा उजेड आला, गेला. मग बराच वेळ काहीच नाही. ही मधली पंधरा मिनिटं लोक निघून जातात. दिवे विझलेले, आकाश फिकट, सूर्याचा पत्ता नाही. मी त्या वेळात काचेवरचं दव टिपलं, बॅटरी बदलली, उशीखालची.

सात अठराला कळसावर ऊन.

मी दर मिनिटाला एक फ्रेम लावली होती. डोळे मात्र कॅमेऱ्यात नव्हते. शिखरावर ऊन आल्यावर दगडांचे रंग वेगवेगळे झाले. जीर्णोद्धारात बसवलेले नवे दगड आणि जुने, झिजलेले दगड सावलीत एकच वाटत होते, ऊन लागल्यावर त्यांच्यातली सीमा दिसली. सात पंचविसाला मंडप. सात बत्तिसाला वरची पायरी. पायऱ्यांवर ऊन आलं की तिथं बसलेली माणसं एकेक करून उभी राहिली, शाली खांद्यावर टाकून तोंड पूर्वेकडे केलं. खालच्या पायरीवरचे अजून सावलीत आखडून बसलेले. उन्हाची रेघ त्यांच्या गुडघ्यांपर्यंत आली, मग हातांवर, मग ते उठले.

सात चव्वेचाळीसला ऊन पाण्याला लागलं आणि वाफ पेटल्यासारखी सोनेरी झाली. तिथून पुढे दोन मिनिटांत ती संपली.

कॅमेरा बंद केला. पुलावरून खाली उतरून मावशींकडे गेले. त्यांचा कालच काढलेला एक फोटो होता, हातात काडी, समोर द्रोणांची रांग, विचारून काढलेला. सकाळी उघडणाऱ्या स्टुडिओत छापून आणायला वेळ नव्हता, म्हणून पत्ता मागितला. त्यांनी टोपलीतल्या कागदाच्या तुकड्यावर शेजारच्या हारवाल्या मुलाकडून लिहून घेतला. खाली त्यानं स्वतःहून लिहिलं होतं: 'रामकुंड, गंगेवर, सकाळी कधीही.'